लेआउटचा रस्ता कुठे अडतो आणि मैदानाचा निर्णय कोण घेते?

प्रश्न असा आहे: "आमचा लेआउट दक्षिण नागपुरात, मानेवाड्याच्या पुढे आहे. एका गृहनिर्माण संस्थेकडून प्लॉट घेतले, २००९ मध्ये आरएल (नियमितीकरणाचे पत्र) मिळाले, आता दीडशेच्या आसपास घरे आहेत. तरीही आतला रस्ता मुरमाचाच आहे. निधी नाही असे सांगितले जाते, पण बाहेरच्या चांगल्या डांबरी रस्त्यावर सिमेंट रोड झाला. आता मैदानाच्या जागेचा 'झोन बदलला' आणि तिथे संकुल होणार असे कानावर येते आहे. महापालिका या गोष्टी नेमक्या कशा ठरवते आणि आम्ही कुठे बोलायचे?"

आपण एक प्रश्न विचारला आहे असे आपल्याला वाटत असले, तरी त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्या तिन्हींचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतात. जमिनीचा वापर विकास आराखड्यात ठरतो, जमिनीचे तुकडे मंजूर अभिन्यासात म्हणजे लेआउटच्या नकाशात ठरतात आणि रस्त्याचा पैसा अंदाजपत्रकातल्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या ठरावीक खात्यात, ठरतो. नगररचनेच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. त्या काळात 'निधी नाही' या उत्तरामागे खरोखर फक्त निधीची अडचण आहे असे मला क्वचितच आढळले. बहुतेक वेळा आधीच्या दोनपैकी एका कागदात खोट असते, आणि ती शोधून दुरुस्त करण्यापेक्षा 'निधी नाही' म्हणणे सोपे असते.

नागपूरचा विचार करताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. इथे नगरपालिका १८६४ पासून आणि महापालिका १९५१ पासून आहे; पण १९३६ च्या कायद्याने आलेली नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली एनआयटी, हीदेखील जमिनी संपादित करून लेआउट पाडणारी, प्लॉट तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणारी आणि नकाशे मंजूर करणारी संस्था म्हणून शेजारीच उभी राहिली. एका शहरात दोन नियोजन प्राधिकरणे असावीत की नाही यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. २०१९ मध्ये प्रन्यास बरखास्त करण्याचे पाऊल शासनाने उचलले आणि पुढे दुसऱ्या शासनाने ते मागे घेतले. शहराच्या हद्दीबाहेरच्या महानगर क्षेत्रासाठी २०१७ पासून एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आहे. त्यामुळे नागपुरात पहिला प्रश्न 'रस्ता का झाला नाही' हा नसून 'हा रस्ता आज कोणाच्या ताब्यात आहे' हा असतो. नियमित झालेला लेआउट प्रन्यासाकडून महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालेला नसेल, तर महापालिकेचा अभियंता त्या रस्त्यावर पैसा खर्च करायला कचरतो, आणि लेखापरीक्षणाच्या दृष्टीने त्याचे कचरणे चुकीचेही नसते. प्रन्यासाचा अभियंता म्हणतो, शहरातले रस्ते महापालिकेचे. दोघेही फाइलीच्या आधाराने बोलतात आणि मुरूम तसाच राहतो.

आता झोनविषयी. शहराचा सुधारित विकास आराखडा शासनाने २००० मध्ये मंजूर केला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ प्रमाणे वीस वर्षांत किमान एकदा आराखड्याचा फेरविचार व्हायला हवा. कोणती जमीन निवासी, कोणती वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक वा शेतीची, हे आराखडा सांगतो. त्या जमिनीवर किती उंच, किती अंतर सोडून, किती चटई क्षेत्राचे (एफएसआय) बांधकाम करता येईल हे डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सांगते. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंत जास्त चटई क्षेत्र मिळते, तेव्हा 'झोन बदलला' अशी आवई उठते. प्रत्यक्षात झोन तोच असतो, बांधकामाची मर्यादा वाढलेली असते. आपल्या कानावर आलेली बातमीही या जातीची आहे का, हे आधी तपासावे.

खरोखर झोन बदलायचा असेल, तर तो सभागृहातल्या एका ठरावाने बदलत नाही. कलम ३७ प्रमाणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने फेरबदलाचा प्रस्ताव मांडायचा, राजपत्रात व वर्तमानपत्रांत सूचना द्यायची, एका महिन्यात हरकती व सूचना मागवायच्या, हरकतदारांना सुनावणी द्यायची आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन अंतिम मंजुरी शासनच देते. फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूपच पालटत असेल, तर तो या कलमाखाली करता येत नाही. महापालिकेने ठराव केला की बातमी छापून येते आणि लोक समजतात, झाले. तसे ते झालेले नसते. हरकतीचा महिना त्यानंतरच सुरू व्हायचा असतो.

त्या महिन्याचे काय होते याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. गाव सांगत नाही; विदर्भातलेच एक शहर. एका बागेच्या आरक्षणाच्या, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेच्या, फेरबदलाची सूचना श्रावण संपता संपता निघाली. हरकतींची मुदत तान्हा पोळा, मारबत आणि गणपतीच्या गर्दीत निघून गेली. सुनावणीला मी बसलो होतो. साडेतीनशे घरांच्या वस्तीतून एकच निवृत्त शिक्षक आले होते, आणि तेही तोंडी बोलायला, लेखी काही नव्हते. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. अहवालात मात्र लेखी हरकतींची संख्या शून्य अशी गेली. पुढे वर्षभराने तीच वस्ती रस्त्यावर उतरली, तेव्हा कायद्याने त्यांना देण्यासारखी खिडकी उरली नव्हती.

आपल्या मैदानाचे उत्तर मात्र वेगळ्याच मुद्द्यावर अवलंबून आहे, आणि तो मुद्दा बहुतेक रहिवासी विचारातच घेत नाहीत. ते मैदान विकास आराखड्यातले आरक्षण आहे, की लेआउटमधली खुली जागा आहे? जमिनीवर दोन्ही सारखीच दिसतात: गवत, दोन गोलपोस्ट, दसऱ्याला रावण. कायद्यात त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

खुली जागा ही लेआउट मंजूर करतानाच सोडावी लागते. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत ती किमान दहा टक्के असते. प्लॉटच्या किमतीत ती सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून मोजलेली असते. ती विकता येत नाही, तिचे पुन्हा प्लॉट पाडता येत नाहीत आणि नियमावलीने परवानगी दिलेल्या मर्यादित बांधकामापलीकडे तिथे काही उभारता येत नाही. नागपुरात जिला आपण 'पीयू लँड' म्हणतो ती सार्वजनिक वापराची जागा पुन्हा तिसरीच. ती शाळा, दवाखाना यांसारख्या कामांसाठी राखलेली असते आणि तिच्यावर शाळेची इमारत आली म्हणून मैदान गेले असे म्हणता येत नाही.

आराखड्यातले आरक्षण हे याहून कितीतरी नाजूक असते, कारण ती जमीन बहुधा खासगी मालकाचीच असते आणि महापालिकेने ती अजून घेतलेली नसते. कलम १२७ असे सांगते की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक प्राधिकरणाला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची ठोस पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि मालकाला शेजारच्या जमिनीवर जे करता येते ते तिथे करता येते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, पुढे ती बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिने झाली. नुसता ठराव करणे किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिणे म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालकाला यात खलनायक समजू नये. वीस वर्षे त्याची जमीन नकाशावर हिरव्या रंगात अडकलेली असते. ना तो ती नीट विकू शकतो, ना वापरू शकतो.

म्हणजे मैदान जाते ते बहुतेकदा कोणी झोन बदलला म्हणून जात नाही. दिलेल्या मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत म्हणून जाते. २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने मोबदल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, त्यामुळे शहरातली एखादी एकर जमीन घेण्याचा आकडा पाहून कोणाही आयुक्ताची पेन थांबते. रोख पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (दुसरीकडे जास्त बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क), देण्याची सोय आहे. पण ज्या शहरात मूळ चटई क्षेत्रच पुष्कळ ठिकाणी पुरते वापरले जात नाही, तिथे मालक टीडीआरच्या प्रमाणपत्राकडे साशंकतेने पाहतो. समावेशक आरक्षणाचा मार्गही आहे, ज्यात मालक काही भाग विकसित करून प्राधिकरणाला देतो आणि उरलेला स्वतः वापरतो. माझ्या मते, सगळे मैदान वाचवण्याच्या हट्टात सगळेच गमावण्यापेक्षा काही वेळा हा मार्ग बरा असतो. माझे अनेक सहकारी याला सहमत नाहीत.

आता लेआउट, कारण नागपूरचे खरे दुखणे तेच आहे. मौजा (महसुली गाव), खसरा क्रमांक (शेताचा क्रमांक), पटवारी हलका (तलाठ्याचे क्षेत्र) एवढ्या तीन शब्दांवर या शहराचा अर्धा भाग वसला. शेतमालकाकडून एखाद्या संस्थेने पाच-सात एकर घ्यायचे, साध्या कागदावर चुन्याच्या रेघा याव्यात तसा नकाशा काढायचा, हजार-दीड हजार फुटांचे प्लॉट पाडायचे आणि सभासदांना रजिस्ट्री करून द्यायची. अकृषिक परवानगी नाही, अभिन्यासाची मंजुरी नाही, रस्त्यांची जमीन कोणाच्याच नावावर हस्तांतरित नाही. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार यांना परवडणारी जागा मंजूर लेआउटमध्ये मिळत नव्हती, म्हणून ते तिथे गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ५७२ आणि १९०० हे दोन आकडे नागपूरकराला पाठ असतात, ते असे लेआउट नियमित करण्याच्या दोन फेऱ्यांतल्या लेआउटच्या संख्येचे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्याला पक्का आधार दिला आणि २०२१ च्या दुरुस्तीने पात्रतेची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली.

आपल्या हातातले आरएल हे त्या प्रक्रियेतले पत्र आहे. त्याने आपला प्लॉट आणि त्यावरचे बांधकाम कायद्याच्या चौकटीत आले. पण लेआउटमधले रस्ते, नाल्या आणि खुली जागा महापालिकेच्या ताब्यात गेल्या असा त्याचा आपोआप अर्थ होत नाही. मंजूर लेआउटमध्ये क्रम असा असतो की तात्पुरती मंजुरी, मग भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी, मग विकासकाने स्वतःच्या खर्चाने रस्ते, पाण्याची व सांडपाण्याची लाइन, खांब उभे करणे, आणि मग अंतिम मंजुरी व हस्तांतरण. नियमित केलेल्या लेआउटमध्ये घरे आधी आलेली असतात आणि रस्ता करून देणारा विकासक केव्हाच निघून गेलेला असतो. विकास शुल्क आपण प्लॉटधारकांनी भरलेले असते. ते शुल्क त्याच भागातल्या सुविधांसाठी अपेक्षित असते, म्हणून आपल्या लेआउटमधून एकूण किती शुल्क जमा झाले आणि त्यातून कोणते काम झाले, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झालेला आहे.

एका लेआउटमध्ये मला असे आढळले की रस्त्यासाठी दोनदा तरतूद झाली आणि दोनदा ती परत गेली. कारण कोणी सांगेना. शेवटी दोन्ही बाजूंचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले, तेव्हा शेजारच्या लेआउटचा नऊ मीटरचा रस्ता आणि यांचा नऊ मीटरचा रस्ता अडीच मीटरने सरकलेले निघाले. दोन संस्थांनी आपापल्या शेताच्या बांधापासून स्वतंत्रपणे मोजले होते. मधल्या कोपऱ्यावरच्या प्लॉटधारकाने आपली जागा सोडायला नकार दिला होता आणि कंत्राटदार प्रत्येक वेळी तिथपर्यंत येऊन थांबत होता. फाइलीवर शेरा होता: 'स्थानिक अडचणीमुळे काम रद्द'. मोजणी करून, त्या मालकाला भरपाई देऊन तो तुकडा सरळ केल्यावर रस्ता दोन महिन्यांत झाला.

राहिला पैसा. आयुक्त साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपले अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, सोळा सदस्यांची ती समिती त्यात फेरफार करते आणि सर्वसाधारण सभा ते मंजूर करते. १५१ नगरसेवक त्या सभेत आपापल्या प्रभागासाठी भांडतात, आणि ते योग्यच आहे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत हे सगळे अधिकार प्रशासकाच्या एकट्याच्या हाती होते. त्या काळात लेआउटच्या आतल्या लहान कामांसाठी आग्रह धरणारे कोणी नव्हते, हे मान्य करावे लागेल.

मंजूर अंदाजपत्रकातली तरतूद म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. जकात गेली, तिच्या जागी १ एप्रिल २०१३ पासून एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही बहुतांश व्यापाऱ्यांना २०१५ मध्ये माफ झाला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून महापालिका मोठ्या प्रमाणात शासनाच्या मासिक अनुदानावर आणि मालमत्ता करावर चालते. आलेल्या रुपयातून आधी पगार, निवृत्तिवेतन, वीज, पाणी, कर्जाचे हप्ते आणि घनकचरा जातो. त्यानंतर मागील वर्षी कार्यादेश दिलेल्या पण पूर्ण न झालेल्या कामांचे दायित्व असते. या सगळ्यांतून जे उरते त्यावर नवीन कामांची मान्यता मिळते, आणि अंदाजपत्रकात फुगवलेले उत्पन्न प्रत्यक्षात आले नाही, की पहिली कात्री लहान, आतल्या, नाव नसलेल्या रस्त्यांवर चालते.

मोठा सिमेंट रोड का होतो आणि आपला का होत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. मोठ्या रस्त्याचा पैसा बहुधा महापालिकेच्या स्वतःच्या लेखाशीर्षातला नसतो. शासनाचे विशेष अनुदान, शासनाची नगरोत्थान योजना किंवा जिल्हा नियोजन समिती यांच्याकडून तो विशिष्ट कामासाठीच आलेला असतो आणि तो आपल्या गल्लीकडे वळवता येत नाही. चांगल्या डांबरावर सिमेंट टाकणे शहाणपणाचे होते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझे उत्तर 'अनेक ठिकाणी नव्हते' असे आहे. जुना थर न खरवडता वर सिमेंट चढवल्यामुळे रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाला आणि पावसाचे पाणी अंगणात शिरले, ही तक्रार शहराच्या जवळजवळ प्रत्येक भागात आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. पाण्याच्या वाटेवरची बांधकामे आणि बुजवलेले नाले यांची चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही. आपल्या लेआउटमधून नाला जात असेल, तर रस्त्याची मागणी करण्यापूर्वी पावसाळी नालीची मागणी करा. सांडपाण्याची लाइन, पाण्याची लाइन, पावसाळी नाली आणि मग रस्ता हा क्रम मोडला, की झालेला रस्ता वर्षभरात पुन्हा खोदला जातो.

कामाची फाइल अशी चालते: महापालिकेच्या झोन कार्यालयातला (हा झोन म्हणजे महापालिकेचा प्रशासकीय विभाग, आराखड्यातला नव्हे) कनिष्ठ अभियंता जागेची पाहणी करून दरसूचीप्रमाणे प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार करतो, त्याला तांत्रिक मान्यता आणि सक्षम प्राधिकाऱ्याची प्रशासकीय मान्यता मिळते, लेखा विभाग तरतूद तपासतो, ई-निविदा निघते, कार्यादेश होतो. प्राकलनच झालेले नसेल, तर बाकीच्या गप्पांना काही अर्थ नाही. निविदा अंदाजित दरापेक्षा फारच कमी दराने भरली गेली असेल, तर आनंद मानू नका. ती बचत जाडीतून आणि पाणी मारण्यातून वसूल होते. दोषदायित्व कालावधी किती हे कार्यादेशात लिहिलेले असते, आणि त्या कालावधीत रस्ता फुटला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते.

तेव्हा आपण सुरुवात अशी करावी. आपल्या खसरा क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना विभागाकडून काढा. त्यावरून मैदान आरक्षण आहे की नाही हे त्याच दिवशी कळेल. नियमितीकरणाच्या वेळी मंजूर झालेल्या लेआउटच्या नकाशाची प्रमाणित प्रत प्रन्यासाकडून घ्या आणि त्यावर खुली जागा कोणत्या आकाराची, कुठे दाखवली आहे ते जागेवर टेप लावून पाहा. आरक्षण असेल तर मालकाने कलम १२७ ची नोटीस दिली आहे काय आणि कोणत्या तारखेला, हे माहिती अधिकारात विचारा. कारण त्या तारखेपासून चोवीस महिने मोजायचे आहेत आणि त्यांतले काही निघूनही गेलेले असतील. त्याच अर्जात लेआउटचे हस्तांतरण झाले काय, किती विकास शुल्क जमा झाले आणि रस्त्याचे प्राकलन कधी झाले, हेही विचारावे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

अर्ज लेआउटच्या नोंदणीकृत नागरिक मंडळाच्या नावाने नव्हे, तर एका प्लॉटधारकाने स्वतःच्या नावाने करावा. माहिती अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही, या कारणाने अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत. रस्त्याची मागणी मात्र सगळ्यांच्या सह्यांनी झोनच्या सहायक आयुक्तांकडे द्या, नगरसेवकांना प्रत द्या आणि आवक क्रमांक घ्या. विभागांच्या मागण्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास गोळा होऊ लागतात, जेव्हा सिव्हिल लाइन्सचे रस्ते दरवर्षी अचानक गुळगुळीत होतात. आपले पत्र त्याआधी, दिवाळीपूर्वीच, अभियंत्याच्या टेबलावर नकाशाच्या प्रतीसह पोहोचलेले असावे.